सुपरहिरोईनचा व्हिडिओ: फॅमिलीचा कुठवर, 'तसला' कुठून?

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका. विषय वाईट नाही, पण घरात स्पीकरवर लावला तर दोन-चार प्रश्न नक्की येतील.

आठवड्याचे पाच दिवस मी कोड लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. शनिवार-रविवारी आमची परतवाड्याची टीम, म्हणजे आम्ही चार पोट्टे आणि एक मैत्रीण, छोटे सुपरहिरोईन व्हिडिओ बनवतो. ती मास्क घालते आणि मेळघाटातलं सागवान चोरणाऱ्यांना धुते. बजेट चार हजार. कॉस्च्युम अमरावतीहून शिवून आणलेला. व्ह्यूज म्हणाल तर नातेवाईक धरून मोजावे लागतात.

मागच्या वर्षी चॅनेलवर एक मेसेज आला. पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा, पंधरा हजार रुपये देतो. हिरोईन हरते, तिला खांबाला बांधतात, ती सुटायची धडपड करते. बस. एकही कपडा काढायचा नाही, शिवी नाही, काही नाही. मी म्हटलं, भाऊ, हे तर यू सर्टिफिकेटचं काम आहे! मैत्रिणीला सांगितलं. तिनं विचारलं, "ती सुटते की नाही?" मेसेजमध्ये तसं काही नव्हतं. "मग पाच मिनिटं तो पाहणार काय आहे?"

मी गप्प.

नंतर शोधलं तर कळलं, हा एक वेगळाच बाजार आहे. सुपरहिरोईन संकटात, हरलेली, बांधलेली, असे व्हिडिओ बाहेरदेशी छोटे स्टुडिओ ऑर्डर घेऊन बनवतात. काही साधी मारामारी करतात, काही सरळ अ‍ॅडल्ट. मधला भाग मोठा धूसर आहे. आणि हे आजचं नाही. १९४१ साली वंडर वुमन आली, तेव्हा सुरुवातीच्या कॉमिक्समध्ये ती इतक्या वेळा साखळदंडात दिसायची, की प्रकाशकांच्या स्वतःच्या लोकांनीच हरकत घेतली होती.

मग ओळखायचं कसं? कपड्यांवरून? तर आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला. हिरोईन फिअरलेस नादिया. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेली, खरं नाव मेरी इव्हान्स. तोंडावर मास्क, पायात बूट, हातात चाबूक. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती रेल्वेच्या टपावर मारामारी करते. (आपल्या शकुंतलेच्या टपावर केली असती तर गाडीच्या स्पीडमुळे गुंड उतरून पळाला असता, पण ते सोडा.)

आता पाहा, मास्क, बूट, चाबूक. हेच सामान अ‍ॅडल्ट बाजारातही चालतं. पण नादियाचे पिक्चर सगळे मिळून बघायचे. काहून? कारण गोष्ट तिची होती. ती काय करते ते कॅमेरा दाखवायचा. आमच्याकडे आलेल्या ऑर्डरमध्ये तिनं काहीच करायचं नव्हतं. तिला फक्त पाहायचं होतं.

आम्ही ऑर्डर नाकारली. इथं मला हिरो समजू नका, पुढचं ऐका.

दोन महिन्यांनी नवा व्हिडिओ टाकला. व्ह्यूज येईनात. मी एका सीनमधली फ्रेम उचलली. ती जमिनीवर पडलेली, केस विस्कटलेले, कॉस्च्युम ताणलेला. क्रॉप केली, थंबनेल लावलं. तिला विचारलं नाही. व्ह्यूज धडाधड वाढले, मी खूश. आठ दिवसांनी तोच तुकडा भलत्याच नावानं एका मेसेजिंग अ‍ॅपच्या 'तसल्या' चॅनेलवर फिरत होता. तो तिच्या भावानं पाहिला.

तिचा फोन आला. ती ओरडली नाही. म्हणाली, "त्या माणसाले आपण नाही म्हटलं होतं ना? मग तेच काम तू फुकटात काहून केलं?"

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरांत 'बिट्स' दाखवायचे, हे मोठ्यांकडून ऐकलं असेल. सेन्सॉरनं पास केलेल्या पिक्चरमध्ये नंतर वेगळी, उघडी रिळं घुसडायची. पोस्टरवर चेहरा एका नटीचा, रिळात शरीर भलत्याच बाईचं. सर्टिफिकेट मिळाल्यावर पिक्चरमध्ये असा बदल करून दाखवणं हा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं गुन्हा आहे. मी रीळ घुसडलं नव्हतं, फक्त क्रॉप केलं होतं. पण एका कामाला दिलेला होकार दुसऱ्या कामाला वापरला. चोरी तीच.

कायद्याचंही ऐकून ठेवा. 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लावली की आपण सुटलो, असं आपल्याकडे नाही. उघड लैंगिक कृत्य ऑनलाइन टाकलं तर आयटी कायद्याचं कलम ६७ अ लागतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं उल्लू, ऑल्टसकट २५ अ‍ॅप्स ब्लॉक करायला सांगितले. म्हणजे 'मेन चॅनेल साधं, दुसरं चॅनेल अ‍ॅडल्ट' हा अमेरिकेतला धंदा इथं कॉपी-पेस्ट होत नाही.

आणि अ‍ॅडल्ट काम करणाऱ्या माणसांना मी हलकं म्हणत नाही. जिथं कायदा परवानगी देतो तिथं लोक आपलं वय सिद्ध करून, करार करून, उघडपणे ते काम करतात. त्यांनी कशाला होकार दिला हे त्यांना ठाऊक असतं. आमच्या मैत्रिणीला ठाऊक नव्हतं. फरक तिथं आहे.

आता आमचे नियम. सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंगचा आणि लाइव्ह डेटा आपण पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवतो, नंतर वेगळा करू म्हटलं की बोंब होते. तसंच हे.

एक, शूटच्या आधी सगळे सीन कागदावर, मराठीत. पडणं, बांधणं, कपडा फाटणं असेल तर कॅमेरा कुठं असेल तेही. दोन, हिरोईन अडकली तर त्याच व्हिडिओत स्वतः सुटते. गोष्टीत गरज नसेल तर सीनच नको. तीन, फायनल एडिट आणि थंबनेल तिनं ओके केल्याशिवाय अपलोड नाही. चार, रॉ फुटेज एकाच हार्ड डिस्कवर, पासवर्ड तिच्याकडे. पाच, कस्टम ऑर्डर बंद.

तुमच्यापैकी कोणाचा फोटो किंवा क्लिप अशी फिरत असेल, तर लाजून गप्प बसू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. खाजगी, नग्न फोटो असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सोय आहे. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा हॅश, म्हणजे डिजिटल अंगठा तयार होतो. फोटो कुठंही जात नाही, फक्त अंगठा जातो, आणि सामील असलेले प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो ओळखून अडवतात.

आमची मैत्रीण चार महिने कॅमेऱ्यासमोर आली नाही. आता परत आलीय, पण दिग्दर्शक म्हणून. मी लाइट धरतो. मागच्या रविवारी चिखलदऱ्याला कीचकदरीपाशी शूट होतं. भीमानं कीचकाला मारून इथं फेकलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती म्हणाली, सगळ्यांना भीम आठवतो. द्रौपदीनं त्याच्या आधी भर दरबारात दाद मागितली होती, ते कोणाला आठवत नाही.

थंबनेल या वेळी तिनंच निवडलंय. व्ह्यूज कमी आहेत. चालतंय.

चला, भेटू पुढच्या एपिसोडात. काळजी घ्या.