कावळ्यापासून गरुडापर्यंत

जेथे फळा नाही, खडू नाही आणि समोर विद्यार्थीही दिसत नाहीत, अशा ठिकाणाहून चित्र काढावयास शिकविणे हे धाडसच म्हटले पाहिजे. मी काही चित्रकलेचा शिक्षक नव्हे. परंतु प्राथमिक शाळेच्या मास्तराला फळ्यावर सर्वच काढावे लागते. आंब्यापासून आगगाडीपर्यंत काहीही सुटत नाही. त्या अनुभवाच्या बळावर आज पक्ष्यांविषयी चार शब्द सांगणार आहे. जवळ कागद आणि मऊ पेन्सिल असली तर उत्तम; नसली तरी केवळ ऐकण्यास हरकत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, मला गरुड काढून द्या. विष्णूचा, खराखुरा." विष्णूचा आणि खराखुरा, ही दोन्ही विशेषणे तिने एका श्वासात वापरली, याची मला मौज वाटली. मी म्हटले, "गरुड काढून देत नाही, शिकवितो. पण आधी कावळा." तिचे तोंड उतरले. कावळा कोणाला हवा असतो?

परंतु आमच्या चेंबूरमध्ये कावळ्याइतका सोशिक नमुना दुसरा मिळावयाचा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो रोज ठरल्या वेळी हजर असतो आणि पोळीचा तुकडा मिळेपर्यंत हलत नाही. तेव्हा श्रोतेहो, आपणही त्याच्यापासूनच आरंभ करू.

प्रथम एक तिरपे अंडे काढा. त्याचे रुंद टोक छातीकडे वर आणि निमुळते टोक शेपटीकडे खाली. पक्षी अंड्यातून येतो हे आपण जाणतोच; चित्रातही तो अंड्यातूनच येतो. रुंद टोकाच्या वर, किंचित पुढे, एक लहान वर्तुळ हे डोके. दोहोंना जोडणाऱ्या दोन रेषा ही मान. आता अंड्याच्या मध्यातून एक उभी रेषा अगदी हलक्या हाताने खाली सोडा, विहिरीत दोर सोडावा तशी. पावले त्या रेषेच्या आसपासच टेकली पाहिजेत. ती फार मागे गेली तर पक्षी तोंडघशी पडेल, फार पुढे आली तर पाठीवर. मुलांचे पक्षी पडल्यासारखे दिसतात ते बहुधा या एकाच चुकीमुळे.

मग चोच. चोच ही तोंडावर चिकटविलेली चिमटी नव्हे; तिच्या दोन पात्यांमधली फट गालापर्यंत आत जाते, आणि कावळ्याचा डोळा त्या फटीच्या थोडा वर व मागे असतो. डोळ्यात पांढरे बुबुळाभोवतीचे कोंदण काढू नका. ते माणसाचे. कावळ्याचा डोळा म्हणजे काळाभोर मणी आणि त्यात प्रकाशाचा एक ठिपका. पायाला तीन बोटे पुढे व एक मागे. पोपट काढाल तेव्हा मात्र दोन पुढे आणि दोन मागे. मानेभोवतीचा राखी पट्टा विसरू नका. पिसे अगदी शेवटी, आणि तीही मोजकी. एकेक पीस काढीत बसणारा मुलगा कष्टाळू असतो, पण त्याचा पक्षी खवल्यांच्या माशासारखा दिसू लागतो.

पंख पसरलेला काढावयाचा असेल तर स्वतःचा हात बाजूला पसरून पाहा. दंड, कोपर, मनगट, पंजा, सर्व काही पक्ष्याच्या पंखात आहे. पंजाच्या जागी साधारण दहा लांब पिसे असतात. आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीची तीच पिसे बोटांसारखी सुटी दिसतात. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांहून आखूड पिसांची रांग. हे एकदा ध्यानी आले की पंख म्हणजे पाठीला लावलेला पंखा नव्हे, तो हात आहे, हे कळते.

नातीने पंधरा दिवसांत वहीची आठ पाने कावळ्यांनी भरली. नंतर तिने विचारले, "आता तरी गरुड?" मी तिला विनतेची गोष्ट सांगितली. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे. कद्रूच्या हजार अंड्यांतून सर्प बाहेर आले, विनतेची दोन अंडी मात्र तशीच राहिली. तिला धीर धरवेना. तिने एक अंडे फोडले. आतला अरुण कमरेवर पुरा आणि कमरेखाली अपुरा होता. त्याने आईला शाप दिला आणि तो सूर्याचा सारथी झाला. दुसऱ्या अंड्याला तिने हात लावला नाही, तेव्हा त्यातून गरुड निघाला. गोष्ट संपल्यावर नात मुकाट्याने नववा कावळा काढावयास बसली. मला थोडे वाईटही वाटले. गोष्टीचा असा छडीसारखा उपयोग करणे ही मास्तरांची जुनी खोड आहे.

गरुडाचा नमुना म्हणून मी तिला ब्राह्मणी घार दाखविली. मुंबईच्या खाडीकिनाऱ्यावर ती आढळते. डोके व छाती पांढरी, बाकी अंग तांबूस तपकिरी. दक्षिणेकडे तिलाच गरुड मानून लोक हात जोडतात. नेहमीच्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली, हिची गोलसर. महाभारतातला गरुड एका पंजात हत्ती व दुसऱ्यात कासव घेऊन उडाला. तेव्हा त्याच्या मांड्या जाड, नख्या आकड्यासारख्या आणि छाती भरदार हवी, हा हिशेब नातीने आपण होऊन केला. अडचण आली ती हातांची. देवळात विष्णूपुढे गुडघा टेकून बसलेल्या गरुडाला जोडलेले हातही असतात आणि पंखही. पंख हाच हात, तर हे दुसरे हात कोठले? मूर्तिकारांनी पंख खांद्यामागून काढून ती अडचण सोडविली आहे. तिने तो तोडगा मान्य केला. पण "हे थोडे खोटे आहे, आजोबा," असा शेराही मारला.

हंसाची कथा निराळी. आपल्याकडे हंस म्हटला की मुले लांब वळणदार मानेचा, शुभ्र, युरोपातल्या तळ्यातला पक्षी काढतात. राजा रविवर्म्याच्या १८९९ सालच्या दमयंतीच्या चित्रातही तोच शुभ्र पक्षी आहे, आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या त्याच्या छापखान्याने देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचविली. परंतु अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील हंसांची रांग पाहा. ते आटोपशीर मानेचे, ठसठशीत बांध्याचे पक्षी आहेत. कोणी मान वळवून पाठीमागे पाहतो, कोणी चोच खाली घालतो. ते काढणाऱ्याने बदके आणि कादंब डोळ्यांनी पाहिले होते याविषयी मला शंका नाही. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या जलाशयांवर उतरणारा पट्टकादंब, ज्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात, हाच जुन्या वाङ्मयातला हंस असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे.

जटायूपाशी मात्र आमची गाडी अडली. जटायू काढावयाचा तर गिधाड पाहिले पाहिजे, आणि माझ्या लहानपणी आकाशात सहज दिसणारी गिधाडे १९९० नंतरच्या वर्षांत भराभर नाहीशी झाली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई व त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. नातीने गिधाड प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तिच्या वहीतले जटायूचे पान मी कोरे ठेवावयास सांगितले आहे.

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी वर्गाला 'आवडता पक्षी' काढावयास सांगितले होते. एका मुलाने दोन डोक्यांचा पक्षी काढला. मी ते चित्र उंच धरून वर्गाला दाखविले, वर्ग हसला, आणि मी तांबड्या शाईने खाली लिहिले: 'असा पक्षी नसतो.' तो मुलगा काहीतरी सांगू पाहत होता, "गुरुजी, आमच्या गावाकडे..." एवढेच मी ऐकले व त्याला बसविले. त्याचे गाव कर्नाटकातले होते. पुढे कित्येक वर्षांनी मला गंडभेरुंडाची ओळख झाली. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो चोचींत व पंजांत हत्ती धरून उभा आहे. बळ्ळिगाव्याच्या १०४७ सालच्या स्तंभावर त्याला माणसाचे धड आहे. आणि कर्नाटक राज्याच्या चिन्हात तो आजही आहे. तो मुलगा त्या वर्षी पुन्हा माझ्यासमोर चित्र घेऊन आला नाही. त्याच्या चित्रात धड एक, माना दोन, आणि त्या खांद्यापाशी नीट फुटलेल्या होत्या, एवढे मला अजून आठवते. म्हणजे त्याने ते चांगलेच काढले होते.

फेब्रुवारीत नातीला घेऊन माहुलच्या बंदरावर गेलो होतो. चेंबूरहून ते जवळच. ओहोटीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. गुलाबी मोठे आणि त्यांत राखी रंगाची पिल्ले, ज्यांना गुलाबी व्हावयास काही वर्षे लागतात. डोके उलटे करून चोचीने ते चिखल गाळीत होते. नातीने अंडे काढले, उभी रेषा सोडली आणि थांबली. "यांचे गुडघे मागे का वाकतात?" तो गुडघा नव्हे, घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, असे मी सांगितले. तिने खोडरबराने पाय पुसून पुन्हा काढले. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "आजोबा, याला दोन डोकी काढली तर चालेल?"

मी वहीचे नवे पान उलटून दिले आणि म्हटले, "काढ. फक्त दोन्ही माना कोठे फुटतात, तेवढे मला दाखव."