थांबायला विसरलेली पेशी



मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. पण प्रोग्राममधला लूप कुठे थांबवायचा हे लिहायचं राहिलं, तर तो फिरतच राहतो, एवढं मला कळतं. आपल्या पेशींना ही मर्यादा निसर्गानेच घातली आहे. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिक असतं, तसं गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर असतं. दर विभागणीला ते झिजतं. फार झिजलं की विभागणी थांबते. टेलोमरेज हे विकर ही झीज भरून काढतं. मोठ्या माणसाच्या यकृतात ते जवळजवळ बंद असतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा पुन्हा चालू होतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू काही वेळा आपला डीएनए नेमका त्याच्या जनुकाजवळ घुसवतो.

आपल्या लहानपणी एकच सुई उकळून अनेकांना टोचत, आठवतं ना? या विषाणूची लस सरकारी लसीकरणात देशभर आली २०११ मध्ये. तोवर आपल्याला शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली होती. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

म्हणून धाराशिवहून परतलात की एकदा रक्त तपासून घ्या. लागण नसेल तर डॉक्टरांना विचारून लस घ्या. पुढच्या मेळाव्याला सरांनी हजेरी घेतली, की सगळ्यांचा ‘हजर’ ऐकू आला पाहिजे.