मागच्या पावसाचं पाणी

ठाणे जिल्ह्यातलं बदलापूर शहर वाढत वाढत सोनिवलीसारख्या गावांपर्यंत पोचलं आहे. भाताच्या खाचरांशेजारी इमारती उभ्या राहिल्या, पहाटेची लोकल गाठायची घाई घराघरांत शिरली. तरीही उल्हास नदीच्या या खोऱ्यात वर्षाचा हिशेब अजून ऋतूच मांडतात, आणि इथला प्रत्येक ऋतू आधीच्या ऋतूच्या शिलकीवर जगतो.

उन्हाळा घ्या. मुंबईला दुपारी समुद्राचा वारा मिळतो. बदलापूर किनाऱ्यापासून दूर, डोंगरांच्या कुशीत. तो वारा इथे उशिरा आणि दमून येतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर असतो; पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि लोक छत्र्या सावरत चाललेले असतात.

या कडक उन्हातही उल्हासला पाणी असतं, त्यामागे सह्याद्रीपलीकडचा पाऊस आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं पाणी ठोकरवाडी धरणात साठतं. तिथून ते कर्जतजवळच्या भिवपुरी वीजकेंद्रात उतरतं, वीज निर्माण करतं आणि मग उल्हासला मिळतं. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. पुढे बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून ते पाणी घरोघरी जातं. मे महिन्यात नळाखाली धरलेल्या हंड्यात मागच्या पावसाचं पाणी असतं.

शेतकऱ्याचा पावसाळाही उन्हातच सुरू होतो. ठाणे जिल्ह्यात भाताचं रोप तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या वाळक्या फांद्या पसरून राब भाजतात. त्या आचेने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं. मग मृगाची वाट पाहायची.

याच सुमारास जांभळं पिकतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण हे पीक मोठं नाजूक. वळवाचा एक जोराचा सडाका आला की पिकलेली फळं जमिनीवर पडतात, ओल्या फांदीवर चढणाऱ्याचा पाय घसरतो. पाऊस आठवडाभर आधी आला तर भातवाला सुखावतो आणि जांभूळवाल्याचा हंगाम बुडतो.

पहिल्या सरींबरोबर रानात शेवळं उगवतात. आदिवासी बाया त्यांच्या जुड्या बाजारात आणतात आणि सोबत काकडाची आंबट फळंही देतात, कारण ती घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. मागून टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली या रानभाज्या येतात. ओढ्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. ही वलगण म्हणजे खवय्यांची पर्वणी. पण चढणीची सगळीच मासळी धरली, तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार?

जुलैत चिखलणी आणि लावणी. याच महिन्यात उल्हास आपला खरा विस्तार दाखवते. उन्हाळ्यात पात्रावर साचलेली जलपर्णी पहिल्याच मोठ्या लोंढ्यात वाहून जाते आणि काठचे सखल भाग पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ चा प्रलय लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं. नदीने तेव्हा आपल्या जुन्याच जागेवर पाय पसरले होते.

हस्ताचा पाऊस सरला की कापणी आणि झोडणी येते. भात निघालेल्या खाचरात वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही, जमिनीत मुरलेली ओल पुरते. थंडीही इथे मुंबईपेक्षा जास्त पडते, कारण उन्हाळ्यात वारा अडवणारं तेच अंतर हिवाळ्यात समुद्राची ऊब दूर ठेवतं. थंडी ओसरताना पळस आणि पांगारा फुलतात, जांभळाला मोहोर येतो आणि चक्र पुढे सरकतं.

या साखळीतला एक दुवा तुटला की त्याची झळ पुढच्या ऋतूला बसते. पूररेषेत भराव घातला तर पाणी मुरायची आणि पसरायची जागा जाते. जांभूळ तोडलं तर एका कुटुंबाचा जूनचा पैसा जातो. म्हणून ऐकणाऱ्यांना दोन गोष्टींची विनंती आहे. घर घेण्याआधी नदीची पूररेषा कुठून जाते ते विचारा. आणि शाळेतल्या मुलांना एक वही द्या. पळस कधी फुलला, पहिलं शेवळ कधी दिसलं, पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, हे त्यांना दरवर्षी त्यात लिहू द्या. पावसाचं वेळापत्रक बदलत असताना गावागावांतल्या या नोंदी उद्याच्या शेतकऱ्याला उपयोगी पडतील.