पंचांगातील मंगळ आणि पत्रिकेतील मंगळ



धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे, असा पुष्कळांचा समज असतो. महाराष्ट्रातील पंचांगाचा इतिहास पाहिला असता मात्र निराळेच चित्र दिसते. तेच आज आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचिला. त्यावरून आपल्याकडील पंचांगे तीन शतकांहून अधिक काळ तयार होत आली. परंतु गणितातील अल्पसे अंतरही वर्षानुवर्षे साठत जाते. पुढे पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली प्रसिद्ध केली. १८६५पासून त्या पद्धतीचे पंचांगही निघू लागले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी हे कार्य पुढे नेले. लोकमान्य टिळकांसारख्या धर्माभिमानी पुरुषाने या सुधारणेचा पुरस्कार केला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली.

एकादशीला उपवास करावा की नाही, हा प्रश्न श्रद्धेचा. एकादशी केव्हा संपते, हा प्रश्न मात्र गणिताचा. हा विवेक आपल्या वडीलधाऱ्यांनी केला. त्याने धर्म बुडाला नाही; उलट व्रतवैकल्यांच्या वेळा अधिक बिनचूक झाल्या.

मग हाच विवेक विवाह जुळविताना कोठे जातो? पत्रिकेतील बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या स्थानी मंगळ असला, की मुलीस ‘मंगळ आहे’ म्हणतात. बारांत पाच, म्हणजे शंभरांत सुमारे चाळीस जणांस हा दोष लागणार! ग्रहाचे स्थान आपण दुर्बिणीच्या शास्त्रावरून घेतो. त्यावरून मुलीचे भवितव्य ठरविण्यास मात्र त्या शास्त्राचा कोणताही आधार नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्या कार्यात भारतीय स्त्रीशास्त्रज्ञांचा मोलाचा वाटा होता. त्याच मंगळाच्या नावाने सुशिक्षित, सुशील कन्येस नकार मिळावा, हे आपणांस शोभते काय?

विवाहापूर्वी खरोखर पाहावयाचेच असेल, तर रक्त तपासून पाहावे. वधू आणि वर दोघेही थॅलॅसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो गंभीर आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्ञातीतच विवाह करणाऱ्या समाजाने अशा आनुवंशिक रोगांविषयी विशेष सावध असावे. वाहक असणे हा कलंक नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. नाहीतर एका मंगळाच्या जागी दुसरा मंगळ येईल.

देवापुढील समई कोणी विझवावी, असे माझे म्हणणे नाही. सप्तपदी, मंगलाष्टके, वडिलांचे आशीर्वाद हे सारे राहो. वधूवर-नोंदणीच्या पत्रकात मात्र मंगळाचा रकाना नसावा, आणि रक्ततपासणीची सूचना असावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे. मंडळाने तिचा विचार करावा, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.