कंचेभागुबेव आणि संगणक



शाळेत पाठ केलेले 'कंचेभागुबेव' मला नोकरीत आजही उपयोगी पडते, पण जपून वापरावे लागते.

समजा, गोदामात धानाची 100 पोती आहेत. 40 भंडाऱ्याला गेली, 10 नवी आली. 100 - 40 + 10, म्हणजे 70. पण 'बे' आधी, 'व' नंतर असे शब्दशः धरले, तर 40 आणि 10 मिळून 50 वजा होतात. 20 पोती कागदावरच गायब!

आपल्याला गोदाम दिसते, संगणकाला नाही. म्हणून प्रोग्रामिंग भाषेच्या व्याकरणातच लिहावे लागते: गुणाकार-भागाकार वरच्या पायरीवर, बेरीज-वजाबाकी खालच्या, पायरी एकच असेल तर डावीकडून उजवीकडे.

ठरलेला क्रम मागाहून बदलणे कठीण. 'सी' भाषेत '&' हे चिन्ह '==' च्या खालच्या पायरीवर आहे. ते वर नेले असते तर बरे झाले असते, असे त्या भाषेचे कर्ते डेनिस रिची यांनीच पुढे म्हटले. पण जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून ते तिथेच राहिले. नवशिके आजही तिथे ठेचकाळतात.

म्हणून नव्या मुलांना मी एवढेच सांगते: शंका आली की कंस घाला. यंत्राला गरज नसेल, आपल्यामागून वाचणाऱ्याला असते.