शिवेच्या अलीकडे, शिवेच्या पलीकडे : विक्रीकर आणि आपला बाजारहाट

(पेडणे तालुक्यातील एका गावच्या शाळेत ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कराविषयी बोलण्यास कोणी उभा राहिला की श्रोत्यांचे लक्ष घड्याळाकडे जाते, हे मी जाणून आहे. तथापि आपण शिवेवर राहणारी माणसे आहोत. पत्रादेवी ओलांडली की बांदा लागते. लग्नाची खरेदी असो वा गाडीत पेट्रोल भरणे असो, ‘पलीकडे किती पडते?’ हा प्रश्न आपल्या घरोघरी विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू.

विक्रीवर कर बसविण्याची आपल्या देशातील प्रथा फार जुनी नाही. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने पेट्रोल व वंगण यांच्या विक्रीवर कर बसविला. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांताने तो १९४६ साली स्वीकारला. मुक्तीनंतर गोवा, दमण व दीव यांच्यासाठी १९६४ साली विक्रीकराचा कायदा झाला. राज्यघटनेने हा अधिकार राज्यांकडे सोपविला असल्यामुळे प्रत्येक राज्याचा दर निराळा राहिला. एकाच कारखान्यातील वस्तू एका गावी एका किमतीस व दहा मैलांवर दुसऱ्या किमतीस मिळू लागली. व्यापार आपल्याकडे ओढण्यासाठी राज्ये दर कमी करण्याची चढाओढ करू लागली. तिला आवर घालण्यासाठी २००० सालापासून किमान दर ठरविण्यात आले, २००५ साली गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांत मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला.

या नव्या व्यवस्थेत साबण, वही, मिक्सर किंवा दूरदर्शन संच यांवरील कराचा दर पणजी, बेळगाव, कोल्हापूर, इंदूर, सर्वत्र एकच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केशतेल व दंतमंजनाची पेस्ट यांवरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वह्या व पेन्सिली करमुक्त झाल्या. ताजी भाजी, ताजे दूध व सुटे तांदूळ यांवर कर नाही. तेच तांदूळ छापील नावाच्या २५ किलोपर्यंतच्या बंद पिशवीत आले की ५ टक्के कर लागतो. तेव्हा अशा वस्तूंसाठी कर वाचेल या आशेने शीव ओलांडणे व्यर्थ होय. दुकानदाराने सूट दिली तर ती त्याच्या नफ्यातून येते, कायद्यातून नव्हे.

मग फरक उरला कोठे? तो उरला पेट्रोल, डिझेल व मद्य यांत. ही या व्यवस्थेबाहेर असून त्यांवर आजही राज्येच आपापला कर आकारतात. २०१२ साली गोवा शासनाने पेट्रोलवरील कर अवघ्या ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे सुमारे अकरा रुपये कमी झाल्याचे आपणांस स्मरत असेल. पुढे तो दर टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आला. महाराष्ट्रात तर एकाच राज्यात दोन दर होते : मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथे डिझेलवर २४ टक्के आणि उर्वरित राज्यात २१ टक्के. जुलै २०२४ पासून तो भेद काढून टाकण्यात आला. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये डिझेलवरील कर १४.३४ टक्क्यांवरून १८.४४ टक्के केला व एप्रिल २०२५ मध्ये तो २१.१७ टक्क्यांवर नेला.

कर्नाटकाच्या डिझेलशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु म्हापशाच्या बाजारात येणारी कोबी, टोमॅटो, मिरची बहुतांशी बेळगावहून येते. भाजीवर कर नाही. मात्र ती वाहून आणणाऱ्या ट्रकच्या डिझेलवर आहे, आणि तो भाड्यातून भाजीच्या भावात उतरतो. ज्या गृहिणीने आयुष्यात घाट ओलांडला नाही, तीही शेजारच्या राज्याचा कर थोडाफार भरीत असते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सुमारे अठरा वर्षांपूर्वी आम्ही शिवेपलीकडील एका दुकानातून शीतकपाट घेतले. ‘बिल नको असेल तर कर सोडतो,’ असे दुकानदार म्हणाला. आम्हांस वाटले, मोठा लाभ झाला. सातव्या महिन्यात यंत्र बंद पडले. हमीपत्रावर शिक्का नव्हता, हाती पावती नव्हती. दुकानदाराने ओळखही दाखविली नाही. वाचविलेल्या रकमेच्या तिप्पट दुरुस्तीत गेली. माझ्या आईने तो खर्च भाताच्या पैशांतून भागविला. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, म्हणून ते अधिक लागले.

यास्तव तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्यावर वेगळा कर मागण्याचा अधिकार कोणासही नाही. दुसरी, ज्या लहान दुकानदाराने ठोक कराची योजना स्वीकारली आहे, त्यास ग्राहकाकडून कर घेता येत नाही. तशी पाटी त्याने दुकानात लावावयाची असते. तिसरी, नोंदणीकृत दुकानदाराकडील खरेदी दोनशे रुपयांची वा अधिक असल्यास बिल देणे त्यास बंधनकारक आहे, आणि त्याहून कमी असली तरी मागितल्यास ते द्यावेच लागते.

आणखी एक बाब बहुतेकांस ठाऊक नसते. परराज्यात खरेदी करताना बिलावर आपले नाव व राज्य नोंदविले, तर त्या करातील राज्याचा वाटा आपल्या राज्याकडे वळतो. न नोंदविल्यास तो विक्रेत्याच्या राज्यात राहतो. १ ऑक्टोबर २०२३ पासूनचा हा नियम आहे. मुलांना बिल वाचावयास शिकविले, तर गणिताच्या तासास याहून उत्तम उदाहरण मिळणार नाही, असे मी शिक्षकबंधूंना सुचवीन.

बिलाविना दिलेल्या पैशांतून ना शाळेचे छप्पर शाकारले जाते, ना आरोग्यकेंद्रात औषध येते. आणि वस्तू बिघडली, तर आपलीही बाजू कोणी ऐकत नाही. उद्या बाजारास जाल, तेव्हा पिशवीबरोबर बिलही घरी आणावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.