सात पैशांत किती पाने

१९६० साली पुण्याचा ‘सकाळ’ सात नव्या पैशांना मिळत असे. आठवड्यातले पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत ३४ पाने. रविवारचा अंक दहा पानांचा, बारा पैशांचा. त्याच वर्षी केंद्र सरकारने दैनिकांची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा आदेश काढला. सात पैसे घ्यायचे तर सहा दिवसांत २४ पानेच देता येतील, ३४ पाने द्यायची तर किंमत आठ पैसे करावी लागेल. दहा पाने गाळावीत किंवा वाचकाकडून रोज एक पैसा जास्त घ्यावा, एवढेच ‘सकाळ’च्या हातात उरले.

समाजवाद मानणारे सरकार आणि खासगी मालकीचे वृत्तपत्र यांच्यातला एक तंटा भारतात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो असा, पानांच्या हिशेबातून, आणि एका मराठी दैनिकामुळे.

या आदेशामागे सरकारचा हेतू टीकाकारांची तोंडे बंद करण्याचा नव्हता, हे आधी मान्य करायला हवे. १९५२ मध्ये न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. आचार्य नरेंद्र देवांसारखे समाजवादी विचारवंत त्याचे सदस्य होते. १९५४ च्या अहवालात आयोगाने दाखवून दिलेले दुखणे खरे होते. वृत्तपत्र छापायला येणारा खर्च अंकाच्या किमतीतून निघत नाही, मधली तूट जाहिराती भरून काढतात. ज्याच्याकडे जाहिराती जास्त, तो त्याच किमतीत जास्त पाने देतो. जास्त पाने म्हणून वाचक जास्त, आणि वाचक जास्त म्हणून पुन्हा जाहिराती जास्त. उद्योगपतींच्या साखळी वृत्तपत्रांपुढे जिल्ह्याच्या गावचे पत्र या चक्रात गुदमरते. त्यावर आयोगाने सुचवलेला उपाय असा की पाने वाढली की किंमतही वाढलीच पाहिजे.

जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसने आवडी येथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याच वर्षी श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी किंमत व पानांचा कायदा आला. पत्रकारांसाठी नेमलेल्या वेतनमंडळाचा निवाडा १९५८ मध्ये न्यायालयात टिकला नाही, कारण वृत्तपत्रांची पगार देण्याची कुवत मंडळाने तपासली नव्हती. मूळ कायदा मात्र बव्हंशी वैध ठरला. वृत्तपत्र हाही एक कारखाना आहे आणि तिथल्या कामगाराचे हक्क राखणे हा वृत्तस्वातंत्र्यावरचा घाला नव्हे, ही सरकारची भूमिका रास्त होती.

पानांच्या कायद्याचे तसे नव्हते. लहान प्रादेशिक पत्रांना मोठ्या साखळ्यांपासून वाचवण्यासाठी तो केला गेला, पण त्याविरुद्ध उभे राहिले ते एक प्रादेशिक पत्रच. ना. भि. तथा नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेला ‘सकाळ’ कोणत्याही साखळीतला नव्हता. एरवीच्या दिवशी ५२ हजार आणि रविवारी ५६ हजार प्रती असा त्याचा खप होता. सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींना जाई, उरलेल्या जागेत बातम्या आणि मते. शेतकऱ्याला, कारकुनाला परवडेल अशा दरात भरपूर मजकूर द्यायचा, यावरच तो वाढला होता. कायद्याचा घाव नेमका तिथे बसला. कंपनीबरोबर ‘सकाळ’चे काही वाचकही न्यायालयात गेले, ही त्या खटल्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

निकाल २५ सप्टेंबर १९६१ रोजी लागला. तो लिहिला न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी. १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष असलेल्या अमरावतीच्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे ते चिरंजीव. वृत्तपत्र हा धंदा आहे आणि लोकहितासाठी धंद्यावर बंधन घालता येते, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. पाने कमी केली की विचार मांडायची जागा घटते आणि किंमत वाढवली की ते विचार कमी लोकांपर्यंत पोहोचतात, म्हणजे दोन्हीकडून आघात अभिव्यक्तीवरच होतो. अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची कारणे घटनेच्या कलम १९(२) मध्ये मोजून दिली आहेत आणि ‘सर्वसामान्य लोकहित’ त्यांत नाही. एकाचे स्वातंत्र्य वाढावे म्हणून दुसऱ्याचे कापता येणार नाही, असे ठरले आणि कायद्यातले मुख्य कलम व आदेश दोन्ही रद्द झाले.

सरकारच्या हातात तरीही कागद होता. बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरच्या गिरणीचा कागद देशाला पुरत नव्हता, बाकीचा परदेशातून आणावा लागे आणि परकीय चलनाची टंचाई होती. कागद कोट्याने मिळू लागला. टंचाई खरी असल्याने कोट्यावर कोणाला आक्षेप घेता येत नव्हता, पण १९७२-७३ च्या धोरणाने कोट्यापलीकडे जाऊन कमाल दहा पानांची मर्यादा घातली. स्वतःच्या कोट्यातला कागद वाचवूनही साखळी समूहांना नवे पत्र किंवा नवी आवृत्ती काढता येईना. ‘महाराष्ट्र टाइम्स’ चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीच्या खटल्यात ३० ऑक्टोबर १९७२ रोजी ही बंधनेही रद्द झाली. न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांचे मत तेवढे वेगळे पडले. ज्यांच्याकडे छापखाना नाही त्यांचा आवाज कुठे उमटणार, हा त्यांचा प्रश्न बहुमताने सोडवला नाही, तो मागे टाकला.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. आता कागद आणि किंमत यांची आडवाट धरायची गरजच उरली नाही, थेट सेन्सॉर आला. वृत्तपत्र परिषद बरखास्त झाली आणि चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ उभी केली गेली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला, तर समाजवादी मात्र तुरुंगात गेले. मराठवाड्याने हे जवळून पाहिले. निजामी राजवटीचा जाच चुकवण्यासाठी आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्यातून सुरू केले होते. निजामाशी लढलेले त्याचे संपादक अनंत भालेराव यांना आता स्वतंत्र भारताच्या सरकारने कोठडीत टाकले. यदुनाथ थत्ते यांच्या ‘साधना’ साप्ताहिकावरही कारवाई झाली. ही पत्रे भांडवलदारांची नव्हती. घटनेच्या सरनाम्यात ‘समाजवादी’ शब्द घालणारी ४२ वी दुरुस्ती त्याच काळातली आहे. सरकारच्या हाती एकवटलेले अधिकार कोणाकोणावर चालले, याचे उत्तर या नावांतही आहे.

इतर देशांतही कागद आणि मालकी यांवरच झगडे झाले. चिलीत आयेंदे सरकारने खासगी कागद कंपनीचे समभाग घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विरोधी वृत्तपत्रांना आपली कोंडी होईल अशी धास्ती वाटली. पण त्यांतल्या ‘एल मर्कुरिओ’ला अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेकडून पैसा मिळत होता, हेही पुढे अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झाले. पेरूत १९७४ मध्ये जनरल वेलास्को यांच्या सरकारने मोठी दैनिके ताब्यात घेतली. ती शेतकरी आणि कामगारांच्या संघटनांना द्यायची होती, प्रत्यक्षात सरकारचीच झाली. १९८० मध्ये ती जुन्या मालकांकडे परत गेली.

भारतात १९९० च्या दशकात कागदावरचे नियंत्रण संपले आणि राजाध्यक्ष आयोगाने वर्णिलेले चक्र मोकळेपणी फिरू लागले. त्याआधीच, १९८२ मध्ये, ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली आणि पुढे इतर समूहांच्या आवृत्त्याही आल्या. ‘मराठवाडा’ दैनिक पुढे बंद पडले. ज्या लहान पत्रांसाठी १९५६ चा कायदा केला होता, त्यांतली बरीच आज सरकारी जाहिरातींवर तगून आहेत. त्या जाहिराती मिळण्यासाठी शासनमान्य यादीत नाव असावे लागते, आणि त्या यादीतले अ, ब, क हे वर्ग महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय ठरवते.